हळदीच्या दिवसांत पुसलेले शब्द

माघ सरत आला की कराडच्या पुढे रस्त्याच्या कडेनं हळद शिजायला लागते. मोठाल्या कढया, खाली उसाच्या पाचटाचा जाळ, वर ओलं गोणपाट आणि त्या गोणपाटातून उठणारी वाफ. ओल्या मातीचा, जरा कडवट, घशाशी रेंगाळणारा वास. साताऱ्याहून सांगलीला जाताना बसमधली माणसं तो नाकभर घेतात, कुणीतरी म्हणतं, यंदा हळद बरी दिसतीय. मी खिडकी लावून घेते. मला त्या वासाची लाज वाटते.

वासाची कधी लाज वाटते का, असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येणार नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि सांगलीत एका गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. जिल्ह्यात नुकते कुठे घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले मुलगे ते आईवडिलांकडे पाठवायचे, आणि मग ते बंद पडले की आमच्या सरांना निरोप यायचा. घरात बायकामाणसं असली की सर मला पाठवत. खांद्याला पिशवी, तिच्यात विंडोजच्या सीडीचं पाकीट, मशीन सुरू करायची बूट फ्लॉपी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि स्पिरिटची बाटली. त्या पिशवीनं मला केवढा मान मिळवून दिला! कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर लोक चपला काढायचे. दसऱ्याला लावलेलं गंध अजून मॉनिटरच्या कपाळावर असायचं. मी खुर्चीवर बसले की घरातली बापई माणसं भिंतीशी सरकून उभी राहत, आणि मी मान न वळवता म्हणायची, "फॉरमॅट मारावं लागेल."

आता वाटतं, डॉक्टरनं नाडी न बघताच ऑपरेशन सांगावं तसं होतं ते. मशीन रखडायला लागलं तर दोन वाटा असायच्या. जुन्या विंडोजवरच नवी चढवायची. त्यात घरच्यांचं सगळं जागच्या जागी राहायचं, पण वेळ लागायचा आणि जुनी दुखणीही कधीकधी तशीच राहायची. नाहीतर डिस्क सरसकट पुसायची आणि कोऱ्यावर नवी बसवायची. दुसरी वाट झटपट, स्वच्छ आणि रुबाबदार. मी दुसरीच धरायची.

मशीन रखडतंय म्हणून पलूसहून निरोप आला तेव्हा असेच हळदीचे दिवस होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात सगळे गुरुजीच म्हणत. पुण्याला इंजिनिअर असलेल्या थोरल्या मुलानं मशीन पाठवलं होतं. धाकटा मुलगा शेती बघायचा, त्याची बायको सुनंदा. घराच्या मागं कढई पेटलेली. मी गेले तेव्हा सुनंदा तिथूनच उठून आली. काळीसावळी, उंच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. तिचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असत, हे मला नंतर कळलं. तिच्या हाताची बोटं पेरापर्यंत पिवळी होती. पदराला हात पुसत तिनं मला पाणी दिलं.

मी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. की-बोर्डवर काही काही अक्षरं पिवळट पडली होती. मी नाक मुरडलं आणि कापसाला स्पिरिट लावून एकेक बटण घासून काढलं. घासताना मनात एवढंच की, गावाकडची माणसं, हात न धुता शिवतात. ती बटणं पिवळी का झाली असतील, कुणी ती एवढी दाबली असतील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी बूट फ्लॉपी आत सरकवली तेव्हा सुनंदा खुर्चीमागं उभी होती. हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं ल्हेलेलं ऱ्हाईल न्हवं?"

मी म्हणाले, "हो हो, काळजी करू नका."

मी मागं वळूनही पाहिलं नाही. तिचं 'ल्हेलेलं' ऐकून मला हसू येत होतं. खरं तर हे लिहायला नको वाटतं, पण तेच खरं आहे. जिला 'लिहिलेलं' म्हणता येत नाही ती काय लिहिणार, असा माझा हिशेब. फ्लॉपी घालण्याआधी पडद्यावर वरवर नजर टाकली होती. दोन-तीन चित्रं, एक पत्त्यांचा खेळ, बाकी रिकामं. साडेचारची एसटी गाठायची होती. काळ्या पडद्यावर मशीननं विचारलं की या डिस्कवरचं सगळं जाईल, पुढं जायचं का. मी होकाराचं बटण दाबलं आणि चहा घ्यायला सोप्यात जाऊन बसले.

गुरुजी समोर बसले. पांढरा सदरा, काखेत वर्तमानपत्र. माणूस बोलका.

"बाई, तुम्हाला गंमत सांगतो," ते म्हणाले. "तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या. 'हाय' दिसलं की खोडायचं, वर लाल शाईनं 'आहे' लिहायचं. मी स्वतः मेंढक्याच्या घरातला. माझी आई सगळं 'हाय'च म्हणायची. पण पोरं पुढं जायची तर असं बोलून चालणार नाही, अशी माझी समजूत. रिटायर झालो, आणि एक दिवस सुनंदा मागच्या परड्यात कोकराला हाक मारत होती. अशी हाक मी आईच्या तोंडून ऐकली होती, त्यानंतर चाळीस वर्षांत नाही. मी तिथंच खाली बसलो बघा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कानाच्या ठेवणीवरून, अंगावरच्या ठिपक्यांवरून मेंढराला काय काय म्हणतात. मेंढरांच्या कळपाला खांडवा म्हणतात, रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघर म्हणतात, ती कशी विणतात. पावसाला किती नावं. आजारी मेंढराला द्यायच्या पाल्याची नावं. मेंढरांमागं फिरतीची वाट लांबली तर बायका एकमेकींना काय बोलत. काही सुनंदाला येत होतं, काही गुरुजींना आठवायचं, तेही तिनं एक शब्द टाकला की मगच. आधी चिठोऱ्यांवर उतरवायचं. मग मुलानं मशीन पाठवलं, त्यात मराठी अक्षरांचा प्रोग्राम घालून दिला. सुनंदा दहावी झालेली. ती दुपारचं काम आटपून बसायची आणि एकेक शब्द, त्याचा अर्थ, कोण कुठं बोलतं, सगळं टाइप करायची. दीड वर्ष. दीड हजारांच्या वर शब्द झाले होते.

"पाडव्याला छापून काढायचं ठरलंय," गुरुजी म्हणाले. "चिठोऱ्या काय, बंबात गेल्या. आता सगळं त्याच्यात." आणि त्यांनी आतल्या खोलीकडं कौतुकानं बोट केलं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी उठून आत गेले. पडद्यावर फॉरमॅट पूर्ण झाल्याचं लिहून आलं होतं.

यानंतरचा भाग मी आजवर फक्त दोन वेळा सांगितला आहे. फॉरमॅट मारल्यावरही डिस्कवरचं सगळं लगेच नाहीसं होत नाही. वरची यादी पुसली जाते, आतला मजकूर बराचसा तिथंच असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. त्या क्षणी मी मशीन बंद करायला हवं होतं. डिस्क काढायची, रुमालात गुंडाळायची, सरांकडं न्यायची. सरांकडं त्यासाठीचा प्रोग्राम होता. सगळं नाही, तरी पुष्कळ परत आलं असतं. मला हे माहीत होतं. त्याच महिन्यात मी ते वर्गात शिकवलं होतं.

पण त्यासाठी सोप्यात जाऊन सांगावं लागलं असतं की गुरुजी, मी न विचारता पुसलं. मी सीडी आत घातली आणि विंडोज बसवायला सुरुवात केली.

पाऊण तास फायली उतरत होत्या. निळी पट्टी सरकत होती. प्रत्येक इंचागणिक शब्दांवर माती पडत होती, आणि मी पंख्याखाली घाम पुसत बसले होते. बाहेर गुरुजी कुणाला तरी सांगत होते, पोरगी हुशार आहे, सांगलीची. एकदा सुनंदा दारात आली, पट्टीकडं बघून निघून गेली. मला वाटत होतं वीज जावी, काहीतरी जळावं, कुणाचा तरी निरोप यावा. काही झालं नाही. विंडोज सुरू झाल्याची धून वाजली आणि गुरुजींनी टाळी वाजवली.

"सुनंदा, ये. आपलं काढ बघू."

ती पदर खोचून खुर्चीवर बसली. एक एक कप्पा उघडू लागली. तिची बोटं की-बोर्डवर ज्या सवयीनं पडली ते बघून मला कळलं, ही माझ्याइतकीच, कदाचित माझ्याहून सफाईनं टाइप करत असणार. मराठी अक्षरांचा प्रोग्रामच नव्हता. ती परत शोधू लागली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"न्हाई मामा," ती सासऱ्यांना म्हणाली. "काईच न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. आणि मी म्हणाले, स्वच्छ सांगली शहरातल्या मराठीत म्हणाले, "मी बसवायच्या आधी पाहिलं होतं, तेव्हाही त्यात काही नव्हतं. आधीच डिलीट झालं असेल. नवीन हात असला की चुकून भलतं बटण दाबलं जातं. असं होतं पुष्कळदा."

"तरी मी म्हनत हुते," सासूबाई म्हणाल्या. "ज्याचं काम त्यानं करावं. दुपार दुपार त्येच्याम्होरं बसायचं, हिकडं हळदीला मानूस न्हाई. घातलं न्हवं पाण्यात?"

गुरुजी खुर्चीची पाठ धरून उभे होते. म्हणाले, "असू दे, असू दे. चुका होतात." पण ते म्हणाले सुनंदाला.

ती खुर्चीवरून उठली. निघताना सासूबाईंनी तिला हाक मारली, "आगं, पोरीला कुकू लाव. तशीच धाडतीस व्हय?" सुनंदा करंडा घेऊन आली. तिनं माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं ती म्हणाली, "तुमी बघितलंच न्हाई."

एसटीत बसल्यावर मी रुमालानं कपाळ पुसलं.

आता साताऱ्यात माझे स्वतःचे वर्ग आहेत. काळ पुष्कळ बदलला; फ्लॉपी गेली, सीडी गेली, सगळं आपोआप कुठं कुठं साठतं. तरी माझा पहिला तास तोच असतो. दुसऱ्याच्या मशीनला हात लावण्याआधी त्या माणसाला शेजारी बसवा. यात तुमचं काय काय आहे, असं विचारा, आणि तो गप्प झाल्यावर परत एकदा विचारा, कारण माणसं महत्त्वाचं ते शेवटी सांगतात. घरातल्या सगळ्यांना विचारा, फक्त बोलणाऱ्याला नको. त्यानं दाखवलेली प्रत्येक गोष्ट बाहेर उतरवून घ्या आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडते का ते बघा. उतरवली म्हणजे वाचली असं नाही. कुठले प्रोग्राम आहेत, ते परत बसवायची साधनं घरात आहेत का, कागदावर लिहा. मगच पुसायला घ्या. आणि चूक झाली असं वाटलं त्या क्षणी हात उचला, मशीन बंद करा, बोला. मुली वहीत लिहून घेतात. एखादी विचारते, मॅडम, एवढं कशाला? मी फळ्याकडं वळते.

त्याच वर्षी, पाडवा होऊन गेल्यावर, गुरुजी सांगलीला आले. भर दुपारी जिना चढून, धापा टाकत. काखेत कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. मुलानं फोनवरून सांगून ती काढायला लावली होती. "काही निघतं का बघता का, बाई?" त्यांनी विचारलं.

सर शेजारच्याच टेबलावर होते. त्यांनी डिस्क हातात घेतली असती तर पहिलाच प्रश्न विचारला असता, फॉरमॅट कुणी मारला? आणि त्याच आठवड्यात मला क्लासची मुख्य शिक्षिका करायचं चाललं होतं. मी डिस्क हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "नाही गुरुजी. यातून आता काही निघत नाही." कदाचित तोवर ते खरंही असेल. मी बघितलंच नाही.

त्यांनी टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला. म्हणाले, "सुनंदा आता त्याला हात लावत नाही. मी म्हणतो परत बसू या, तर नको म्हणते. घरात बोलणी बसतात तिला. माझंच चुकलं. एवढं ओझं एकटीवर टाकायला नको होतं."

मी त्यांना पाणी दिलं. जिन्यापर्यंत सोडायला गेले. एवढंच केलं मी.

लग्न होऊन साताऱ्याला आले. मुलं झाली, मोठी झाली. लाज ही काही रोज जाळणारी गोष्ट नसते. ती महिनोन्महिने गप्प असते, आणि मग एखादी मुलगी वर्गात 'हाय' म्हणते, बाकीच्या हसतात, आणि मला 'ल्हेलेलं' ऐकू येतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की आपण चूक केली. चूक कुणाकडूनही होते. पण पुसणं ही चूक होती. पाऊण तास त्या खुर्चीत बसून मी जे रचत होते, ती चूक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका नात्यातल्या कार्यासाठी पलूसला जावं लागलं. हळद शिजत होती. कार्य आटपल्यावर मी कुणाला न सांगता गुरुजींच्या घराकडं चालत गेले. घर स्लॅबचं झालं होतं. सोप्यात गुरुजींचा फोटो, त्याला हार. परड्यात तीन-चार बायका कढईभोवती, त्यांत सुनंदा. केस पिकलेले, चेहरा तोच. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही.

मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. सगळं. न विचारता पुसलं ते, कळल्यावरही चालू ठेवलं ते, गुरुजींना परत पाठवलं ते. त्या आधी हे फक्त एकदा सांगितलं होतं, नवऱ्याला. वाटलं होतं, बोलता बोलता रडू येईल. आलं नाही. ती गोणपाट दाबत ऐकत होती.

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय. ज्यांच्या म्होरं तवा बोलला, त्यांच्या म्होरं बोला. मामा तर गेले. आत्या हायत."

सासूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. नव्वदीला आलेल्या, आखडलेल्या. मी जवळ जाऊन बोलू लागले. त्यांनी कानाला हात लावून मान हलवली.

"मोठ्यानं बोला," सुनंदा मागून म्हणाली. "ऐकू येत न्हाई."

मग मला ओरडावं लागलं. जे मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा कुजबुजत होते ते परड्यात ओरडून सांगावं लागलं. "कॉम्प्युटरमधलं सुनंदानं पुसलं नव्हतं! मी पुसलं होतं! मी खोटं बोलले होते!" कढईपाशी बसलेल्या बायकांनी हात थांबवले. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "कंचा कंप्युटर?"

ज्या गोष्टीनं एका बाईच्या लिहायच्या दुपारी गेल्या, घरातला मान गेला, ती गोष्ट त्यांच्या ध्यानातही नव्हती. सुनंदा पुढं आली. सासूपाशी उकिडवी बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आवं आत्या, मामांचं ल्हेलेलं. माझ्या हातनं गेलं न्हवतं त्ये. हिच्या हातनं गेलं."

"व्हय?" म्हातारी म्हणाली. "मग मी तुला बोलले हुते का गं?"

"व्हय."

"लय?"

"लय."

म्हातारीनं चाचपडत तिचं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. मी म्हणाले, आपण परत लिहू या, मी दर रविवारी येईन, तुम्ही नुसतं बोला.

सुनंदानं माझ्याकडं मान वळवली. "निम्मे शबुद मामांच्या आईचे हुते," ती म्हणाली. "मी एक बोलले की त्यांस्नी दुसरा आठवायचा. आता मी कुणाम्होरं बोलू?"

ती सासूचा हात सोडवून न घेता तशीच बसून राहिली, आणि मला कुणी बस म्हणालं नाही.